पोरांना सगळं आधीच ठाऊक: 'पर्सी जॅक्सन अँड द ऑलिम्पियन्स'चा पहिला सीझन

कलाकार नेमके, देव रुबाबदार, मूळ लेखक स्वतः निर्मितीत, पैशाला तोटा नाही. तरीही तिसऱ्या-चौथ्या भागानंतर प्रेक्षक चुळबुळायला लागले. रिक रायर्डनच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या 'पर्सी जॅक्सन अँड द ऑलिम्पियन्स' या मालिकेच्या पहिल्या सीझनचं हे असं झालं. २० डिसेंबर २०२३ला डिस्ने प्लसवर दोन भाग एकदम आले, मग दर आठवड्याला एक, आणि जानेवारी २०२४च्या अखेरीस आठवा. पहिल्या सहा दिवसांत पहिल्या भागाला १ कोटी ३३ लाख व्ह्यूज मिळाल्याचं डिस्नेने सांगितलं, तेव्हा बघणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. नाराजी आहे ती मन लावून बघणाऱ्यांची, आणि त्यातही पुस्तकावर जीव असणाऱ्यांची. म्हणूनच ती नीट तपासायला हवी.

तक्रारी साधारण अशा: पुस्तकातलं बदललं, भाग फार छोटे, सगळं अंधारात, मारामारी सुरू होते न होते तोच संपते, पात्रं बोलतात फार, आणि धाकधूक वाटतच नाही. यातली पहिली सगळ्यात मोठ्या आवाजात केली जाते आणि सगळ्यात कच्ची तीच. शेवटची सगळ्यात खरी, आणि मधल्यांपैकी बऱ्याचशा तिच्याच पोटातून निघालेल्या. पुढे कथेतलं सगळं उघड केलं आहे. ज्यांना काही माहीत नसताना मालिका बघायची आहे त्यांनी ती आधी बघून यावी.

रिक रायर्डनची 'द लायटनिंग थीफ' ही या मालेतली पहिली कादंबरी २००५ची. बारा वर्षांचा पर्सी आपली गोष्ट आपणच सांगतो. त्याला वाचताना अक्षरं नाचताना दिसतात, वर्गात एका जागी बसवत नाही, एकेक करून शाळा सुटत जातात. मग कळतं की बाप समुद्रदेव पोसायडन आहे. अक्षरं नाचतात कारण मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडला आहे, आणि ती चुळबुळ म्हणजे लढाईत तगून राहण्याची उपजत तयारी आहे. देवांचा राजा झ्यूस याचं वज्र चोरीला गेलंय, आळ पर्सीवर आहे, आणि २१ जूनच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आत ते परत मिळालं नाही तर देवादेवांत युद्ध पेटणार. सोबतीला बुद्धीची देवी अथीना हिची मुलगी ॲनाबेथ आणि बकऱ्याच्या पायांचा ग्रोव्हर. न्यू यॉर्कहून निघून लॉस एंजेलिसपर्यंत अख्खी अमेरिका आडवी ओलांडायची, कारण चोरीमागे पाताळाचा देव हेडीस असावा असा संशय आहे आणि पाताळाचं दार तिकडे आहे.

हे पुस्तक चालतं ते पर्सीच्या अज्ञानावर. ग्रीक पुराणकथा वाचकाला थोड्याफार ठाऊक असतात, पर्सीला शाळेत शिकवलेल्या अर्ध्यामुर्ध्या आठवतात. समोरची बाई कोण हे वाचकाला पर्सीच्या अर्धं पान आधी कळतं. त्या अर्ध्या पानात सगळी गंमत आहे: आपण मनात ओरडत असतो, "अरे, पळ!" आणि पर्सी बर्गर खात असतो.

नेमकं हे अर्धं पान मालिकेने काढून टाकलं.

मेड्यूसाचा, म्हणजे नजरेने माणसाचा दगड करणाऱ्या, केसांच्या जागी साप असलेल्या बाईचा प्रसंग समोर ठेवला की हे सर्वांत स्वच्छ दिसतं. पुस्तकात तीन उपाशी, भिजलेली पोरं रात्री न्यू जर्सीच्या जंगलातून बाहेर पडतात. रस्त्याकडेला बागेतले पुतळे विकणारं दुकान, आतून तळणीचा वास. दाराशी चेहरा झाकलेली एक प्रेमळ बाई. ती पोटभर खाऊ घालते, विचारपूस करते. ग्रोव्हर विचारतो की ही फुसफुस कसली ऐकू येतेय. ती बाई म्हणते, तळणीचा आवाज असेल. पुतळ्यांचे चेहरे सगळे भेदरलेले का, हा प्रश्न चाटून जातो आणि पेंगुळलेल्या डोक्यात विरघळतो. मग ती फोटो काढायचा म्हणून तिघांना बाकावर बसवते, आणि तेव्हा कुठे ॲनाबेथच्या डोक्यात लख्ख होतं. वाचक तोवर अक्षरशः नखं खात असतो.

मालिकेच्या तिसऱ्या भागात पोरं त्या आवारात पाऊल टाकतात आणि पुतळे बघताक्षणी हे मेड्यूसाचं घर म्हणून ओळखतात. बाहेर अलेक्टो ही फ्युरी, म्हणजे पंखांची सूडदेवता, दबा धरून आहे, म्हणून नाइलाजाने आत जायचं, ते सगळं जाणूनबुजून. शंका नाही, फसगत नाही, ओळख पटण्याचा धक्का नाही. उरतं ते जेवणाच्या टेबलावरचं संभाषण.

आता गंमत अशी की ते संभाषण चांगलं आहे. जेसिका पार्कर केनेडीची मेड्यूसा डोळे झाकणारी टोपी घालून बसते आणि ॲनाबेथला सांगते की मी अथीनाची भक्त होते. पोसायडनने जे केलं त्याची शिक्षा मला मिळाली. समोर अथीनाची मुलगी आणि पोसायडनचा मुलगा बसलेत. दोघांचे आईबाप एकाच वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात. पर्सीला त्याच्या आईने लहानपणापासून सांगितलेलं असतं की राक्षस दिसणारा प्रत्येक जण राक्षस नसतो, म्हणून तो ऐकून घेतो. पुस्तकात मेड्यूसा ही वाटेतली एक अडचण आहे; इथे ती अख्ख्या कथेचा प्रश्न विचारते, की देवांच्या भांडणात पोरांनी कुणाची बाजू का घ्यावी? देववंशी मुलांच्या कॅम्पातला पर्सीचा थोरला दोस्त लूक शेवटी दगा देतो, त्याची बीजं इथे पडलेली दिसतात. तेव्हा "पुस्तकातलं बदललं" म्हणून या भागाला झोडपणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. बदल योग्य होता, किंमत अवाजवी मोजली. पोरांना दहा मिनिटं उशिरा कळलं असतं तरी तोच संवाद तसाच झाला असता, उलट जास्त बोचला असता. कारण तेव्हा पर्सीने त्या बाईवर माया केलेली असती.

एका भागात असं झालं असतं तर चालून गेलं असतं. पण पुढे तोच पायंडा पडला. लोटस कॅसिनोत तर फारच. पुस्तकात पोरं लास व्हेगासच्या त्या हॉटेलात शिरतात, हातात कधीच न संपणारं कार्ड पडतं, खेळ सुरू होतात आणि वाचकही पोरांबरोबर रमतो. मग पर्सीला एक मुलगा भेटतो, बोलता बोलता साल १९७७ असल्याचं सांगतो, आणि पोटात गोळा येतो. बाहेर पडेपर्यंत पाच दिवस उडालेले असतात. मालिकेच्या सहाव्या भागात पोरं देवांचा निरोप्या हर्मीस याला शोधायला म्हणून मुद्दाम तिथे जातात, लोटस म्हणजे कमळ खाऊन घरदार विसरणाऱ्यांची कथा त्यांना तोंडपाठ, आणि इथे काही खायचं-प्यायचं नाही असं आधीच ठरवून ठेवतात. पटकथाकारांनी चलाखी केली आहे खरी: लोटस खाण्यात नाही, हवेत आहे. पण हे आपल्याला हर्मीस तोंडी सांगतो. दिवस सरकताना दिसत नाहीत, सरकल्याचं कळवलं जातं. सातव्या भागात पाण्याच्या गाद्या विकणारा क्रस्टी समोर आला, की हा प्रोक्रस्टीज, म्हणजे पाहुण्यांना पलंगाच्या मापाला ताणणारा नाहीतर कापणारा, हे चुटकीसरशी ओळखून त्याच्याच पलंगावर त्याला अडकवून प्रकरण मिटतं. पुस्तकात ॲनाबेथ आणि ग्रोव्हर दोरांनी जखडलेले असतात आणि पर्सीला गोड बोलून वेळ काढावा लागतो. इथे सगळं म्हणजे पेपर फुटलेल्या परीक्षेला बसल्यासारखं.

असं का केलं असावं, याची कारणं समजण्यासारखी आहेत. पडद्यावर हुशार म्हणून ओळख करून दिलेली ॲनाबेथ भेदरलेल्या पुतळ्यांच्या दुकानात शंका न घेता बर्गर खायला बसली, तर प्रेक्षक तिलाच बावळट म्हणतील, ही भीती रास्त आहे. पुस्तकात ते खपतं, कारण आपण पर्सीच्या डोक्यात असतो आणि भूक, झोप, थकवा ही सगळी त्याची सबब आपल्याला आतून कळते. कॅमेऱ्याला ही सोय नाही. शिवाय पुस्तक लाखोंनी वाचलंय, त्यांच्यापुढे रहस्य कसलं ठेवायचं, असाही विचार झाला असेल. पण रहस्य वाचकाला माहीत असणं आणि पात्राला माहीत असणं यात फरक आहे. पर्सी काय करणार हे पाठ असलेल्या वाचकालाही, पर्सीला ते ठाऊक नाही याचीच मजा हवी असते. तीच तर तो परत परत वाचतो.

पहिल्या भागाची सुरुवात पर्सीच्या निवेदनाने होते. थेट प्रेक्षकाशी बोलणारा, थोडा उद्धट, थोडा घाबरलेला आवाज. हा आवाज पुढे जवळजवळ गळून पडतो. तो आठही भागांत पातळ धारेने ठेवला असता, तर माहिती देण्याचं काम संवादांवर पडलं नसतं, आणि "बोलतात फार" ही तक्रार निम्मी झाली असती. आता होतं असं की एकजण पुराणकथा सांगतो, दुसरा पुरवणी जोडतो, तिसरा त्यावर विनोद करतो. माहितीचा हप्ता संपला की पुढच्या ठिकाणी.

मुदतीच्या बदलाबद्दलही दोन शब्द. पुस्तकात पोरं धापा टाकत का होईना, वेळेत पोचतात. मालिकेत कॅसिनोतून बाहेर पडेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. कागदावर हा धाडसी बदल आहे: आता वज्र परत करून उपयोग काय, हा प्रश्न पर्सीला पडतो आणि तरीही तो जातो. पण मुदत उलटल्याचा परिणाम बघायला मिळाला पाहिजे ना! समुद्र खवळलेत, आभाळ फाटतंय, माणसं पळतायत, असं काहीतरी. सातव्या-आठव्या भागात युद्ध तोंडावर आहे हे आपण केवळ ऐकतो. तलवार टांगायची आणि पडली तरी कुणाला खरचटत नाही, असं झालं.

मोत्यांचंही तसंच. पुस्तकात पाताळातून सुटायला तीन मोती मिळतात आणि तिथे सुरुवातीलाच नाहीशी झालेली पर्सीची आई सापडते. म्हणजे माणसं चार, मोती तीन. साधं गणित, आणि त्यातून पर्सीला करावी लागणारी निवड जीवघेणी होते. मालिकेने मोती चार केले. बापाने आईसाठीही एक धाडला, हा विचार सुंदर आहे. पण मग चारातले दोन गमवावे लागतात: ग्रोव्हरचा पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा सर्बेरस याच्या गडबडीत हरवतो, आणि ॲनाबेथला पाताळातल्या ॲस्फोडेलच्या शेतात पश्चात्तापाची मुळं पायापासून वेढायला लागतात तेव्हा तिचा सुटकेसाठी खर्ची पडतो. दुसरा प्रसंग मनाला भिडतो, पहिला निव्वळ सोय. निवड करावी लागण्याऐवजी सामान हरवल्यामुळे अडचण आली, असं वाटत राहतं.

इतकं सगळं म्हटल्यावर जे जमलंय तेही तितक्याच ठासून सांगायला हवं, कारण नाराज मंडळी ते घाईत ओलांडून जातात. पाचव्या भागातली कारागीर देव हिफेस्टस याची सोन्याची खुर्ची पुस्तकात नाहीच. बंद पडलेल्या वॉटर पार्कात युद्धदेव एरीसची ढाल मिळवायची तर कुणीतरी त्या खुर्चीत बसलं पाहिजे, आणि बसलेला सोन्याचा होऊन जाणार. पर्सी बसतो. ॲनाबेथ यंत्राशी झटते, हरते, आणि मग समोर आलेल्या हिफेस्टसला अक्कल वापरून हरवायचं सोडून सरळ सांगते, की देवांसारखं मला व्हायचं नाही. अथीनाच्या मुलीने डावपेच खाली ठेवणं, हे तिच्या व्यक्तिरेखेतलं सगळ्यात मोठं वळण आहे, आणि ते पुस्तकात नसलेल्या प्रसंगातून आलंय. आधीच्या, चौथ्या भागात सेंट लुईसची कमान हे अथीनाचं देऊळ आणि तरीही राक्षसांची आई एकिड्ना हिला आत शिरू दिलं ते अथीनानेच, कारण पोरांनी मेड्यूसाचं डोकं देवांच्या घरी, ऑलिंपसला पाठवून आगाऊपणा केला; हा दुवाही नवाच आणि घट्ट बसलेला. पुस्तकाशी तंतोतंत राहणं हाच निकष लावला तर हे दोन्ही प्रसंग बाद होतील. म्हणून तो निकष कच्चा.

आणि सॅली. व्हर्जिनिया कलने पर्सीची आई अशी उभी केली आहे की पुस्तकातली सॅली तिच्यापुढे फिकी वाटते. सातव्या भागात जुन्या दिवसांतला एक प्रसंग आहे: पोराला कुठल्या शाळेत घालावं या काळजीने खचलेली सॅली एका डायनरमध्ये बसलीय आणि पोसायडन तिला भेटायला येतो. टोबी स्टीव्हन्सच्या पोसायडनला फार काही करता येत नाही. झ्यूसच्या नियमामुळे पोराला भेटायचं नाही, मदत करायची नाही. दोघं दमलेल्या आईबापांसारखे बोलतात, एवढंच. मालिकेवर सपाटून टीका करणाऱ्यांनीही या काही मिनिटांना मान दिला, आणि तो रास्तच आहे. इथे कुणाला काही आधी माहीत असण्याचा प्रश्न नाही, म्हणून दृश्य मोकळा श्वास घेतं.

गेबबद्दलची नाराजी मात्र अर्धी मान्य करावी लागते. पुस्तकातला सावत्र बाप घाण वासाचा, पत्त्यांत पैसे उडवणारा, बायकोवर हात टाकणारा माणूस आहे. सॅली त्याच्याशी संसार का करते याचं उत्तर पुस्तकात आहे: त्याच्या अंगाच्या मानवी दर्पाने पर्सीचा देववंशी गंध झाकला जातो आणि राक्षसांना पोरगं सापडत नाही. मालिकेतला गेब चिडका, आयतोबा, थोडा हास्यास्पद आहे आणि सॅली त्याला पुरून उरते. घरात भीती नाही, त्यामुळे सॅलीचा त्यागही लहान होतो. लहान मुलांसाठीची मालिका म्हणून मारहाण वगळली असेल. पण मग त्या जागी दुसरं काही भरायला हवं होतं.

कलाकारांच्या निवडीवरून जो गदारोळ झाला तो मालिका येण्याच्या कितीतरी आधीचा. लिया सावा जेफ्रीजची ॲनाबेथ म्हणून घोषणा झाली आणि पुस्तकातल्या सोनेरी केसांच्या नावाखाली एका लहान मुलीवर वंशद्वेषी शेरेबाजी सुरू झाली. रायर्डनने २०२२च्या मे महिन्यात जाहीरपणे लिहून त्या लोकांना खडे बोल सुनावले. मालिका बघितल्यावर या वादात काही दम उरत नाही. उलट लियाला पटकथेने अधिक चुका करू द्यायला हव्या होत्या, एवढंच म्हणता येईल. वॉकर स्कोबेलचा पर्सी तिरकस बोलण्यात पक्का. आर्यन सिम्हाद्रीचा ग्रोव्हर सौम्य आणि एरीसला बोलतं करून त्याच्याकडून माहिती काढणारा, हा पैलू नवा. ॲडम कोपलंडचा एरीस मोटरसायकलवरून उतरतो तोच पडदा भरून जातो. लान्स रेडिकचा झ्यूस शेवटच्या भागात जेमतेम एका दृश्यात आहे, आणि रेडिक मार्च २०२३मध्ये, मालिका येण्याआधीच गेले. त्यामुळे तो प्रसंग बघताना वेगळंच वाटतं. जेसन मँट्झुकसचा मद्यदेव डायनायसस पर्सीचं नाव मुद्दाम चुकीचं घेतो, ते पुस्तकवाल्यांनाही आवडलं.

या संदर्भात २०१०च्या चित्रपटाची आठवण निघतेच. तिथे पोरांचं वय बारावरून सोळावर नेलं होतं, आणि रायर्डनने आपली नापसंती लपवली नाही. निर्मात्यांना पाठवलेली पत्रंही पुढे आपल्या संकेतस्थळावर टाकली. म्हणून मालिकेच्या वेळी तो स्वतः जॉनथन स्टाइनबर्गबरोबर निर्माता म्हणून बसला. याचा अर्थ जे बदल लोकांना खुपतात ते लेखकाच्या नजरेखालून गेलेले आहेत. "लेखकाचा विश्वासघात" हा आरोप इथे चालत नाही.

आता अंधाराकडे. बरीचशी दृश्यं व्हँकूव्हरमध्ये, इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या इफेक्ट्स कंपनीच्या एलईडी भिंतींच्या स्टेजवर चित्रित झाली आहेत. कलाकारांभोवती अर्धगोलाकार प्रचंड पडदा, त्यावर जंगल, शहर, पाताळ. या तंत्राचे दोन गुण तोट्यात जातात. एक, भिंतीचा उजेड मऊ असतो. भर दुपारचं रणरणतं ऊन त्यातून काढणं अवघड, म्हणून संध्याकाळ, ढग, रात्र यांचा भरणा होतो. दोन, कॅमेरा भिंतीवर फार बारीक फोकस करू शकत नाही, नाहीतर चित्रात जाळीसारखी नक्षी उमटते; आणि पळायला जागा मर्यादित. म्हणून पात्रं एका वर्तुळात उभी राहून बोलतात, मागे सगळं किंचित धूसर. मारामारी तोकडी वाटते त्याचं एक कारण हेही असावं. एरीसबरोबरचं द्वंद्व समुद्रकिनाऱ्यावर आहे, पर्सीच्या हातात अख्खा समुद्र आहे, पण एक लाट उठते, टाचेला जखम होते आणि खेळ खलास. पुस्तकात ते प्रकरण चांगलं ऐसपैस आहे.

घरच्या टीव्हीवर यातलं थोडंफार सुधारता येतं. आधी 'एनर्जी सेव्हिंग' किंवा 'इको' बंद करावं आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र मंद करणारा सेन्सरही. अंधाऱ्या दृश्यांचा पहिला बळी हे दोघे घेतात. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'वर ठेवावा, 'व्हिव्हिड'वर नको, कारण त्यात गडद भाग आणखी काळेठिक्कर होतात. स्वस्त टीव्हीवर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं तंत्र, नावाला असतं, पॅनेलमध्ये तेवढी चमक नसते आणि सगळं चित्र उलट गडद दिसतं. तिथे स्ट्रीमिंग स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमधून एचडीआर बंद करून बघावं. मग ब्राइटनेस एकेक पायरीने वाढवायचा. तपासायला पहिल्या भागातलं बैलाच्या डोक्याच्या राक्षसाचं, मिनोटॉरचं दृश्य घ्यावं: रात्र, पाऊस, डोंगर. शिंगं आणि मागची झाडं वेगळी दिसली आणि आभाळ राखाडी पडलं नाही, की थांबायचं. फोनवर बघत असाल तर ब्राइटनेसचं 'ऑटो' काढून टाका. दिवसा खिडकीसमोर बसून ही मालिका बघण्यात अर्थ नाही.

भागांची लांबी ३५ ते ४५ मिनिटं दिसते, पण त्यात श्रेयनामावलीच बरीच लांब असते, त्यामुळे प्रत्यक्ष कथा त्याहून कमी. आठवड्याला एक भाग बघताना हे फारच जाणवायचं. आता सगळे भाग हाताशी असताना तेवढं खटकत नाही. पहिले दोन एका बैठकीत बघावेत, कारण पहिला संपतो तेव्हा पर्सी नुकता कॅम्पात पोचलेला असतो. तिसरा स्वतंत्र बघावा, त्याला तेवढं वजन आहे. चार आणि पाच जोडीने, कारण ॲनाबेथची कमानीवरची हार आणि हिफेस्टससमोरची जीत एकाच धाग्यात आहेत. सहा, सात, आठ सलग. सहावा एकटा बघितला तर हमखास निराशा होते.

मुलांबरोबर बघत असाल तर मालिकेला अमेरिकेत टीव्ही-पीजी दर्जा आहे, म्हणजे मोठ्यांनी सोबत असलेलं बरं. आठ-नऊच्या आतल्या मुलांना गणिताच्या बाई पंख फुटून अंगावर येतात ते दृश्य, मिनोटॉरच्या मुठीत आई नाहीशी होते ते, आणि मेड्यूसाचं तळघर ही तीन ठिकाणं जड जाऊ शकतात. रक्त जवळजवळ नाही. मेलेले राक्षस सोनेरी धूळ होऊन उडतात. सबटायटल्स लावून ठेवावीत, ग्रीक नावं भराभर येतात.

पुस्तक आधी की मालिका? मुलाने काहीच वाचलेलं नसेल तर पुस्तक आधी द्यावं. मेड्यूसाचं दुकान, लोटस हॉटेल आणि क्रस्टीचे पलंग हे तिन्ही सापळे पहिल्यांदा पुस्तकातच भेटायला हवेत. मालिकेत ते सापळे उरलेलेच नाहीत. वाचनाचा कंटाळा असणाऱ्या मुलाला पहिले दोन भाग दाखवून, तिसऱ्याआधी थांबवून पुस्तक हातात द्यायचं, हाही मार्ग चांगला. ज्यांनी पुस्तक पाठ केलंय त्यांनी मालिका सॅली, ॲनाबेथ आणि मेड्यूसासाठी बघावी आणि तीन सापळ्यांची आशा सोडून द्यावी. ज्यांना ग्रीक कथा येतात पण हे पुस्तक नाही, अशा मोठ्या माणसांना ही मालिका सगळ्यात जास्त आवडेल असं वाटतं. त्यांना पोरांचं सगळं आधीच ओळखणं खुपत नाही, कारण ते स्वतःही ओळखत असतात.

पाचपैकी सव्वातीन. त्यातला पाऊण सॅली आणि पोसायडनच्या त्या टेबलाला.

दुसरा सीझन डिसेंबर २०२५मध्ये सुरू झाला, 'द सी ऑफ मॉन्स्टर्स'वर बेतलेला, पुन्हा आठ भागांचा. त्यात टायसन या नव्या पात्राच्या भूमिकेत डॅनियल डीमर आहे आणि झ्यूसच्या भूमिकेत कोर्टनी बी. व्हॅन्स. पहिला न बघता त्यात उडी मारू नये, लूकचं सगळं प्रकरण आठव्या भागात उघडतं. तिथे ॲनाबेथ अदृश्य टोपी घालून सगळं ऐकत असते हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. आणि तो भाग संपल्यावर श्रेयनामावली सुरू झाली की लगेच बंद करू नका: मेड्यूसाच्या डोक्याचं पार्सल परत आलेलं असतं आणि ते गेब उघडतो.